जाम नट, गंजलेले स्टड आणि एक जुनी बीटल

जुनी गाडी उघडायला घेतली की निम्म्याहून जास्त वेळ नुसता सोडवण्यात जातो. नवा भाग चढवायला फारसं काही लागत नाही. त्या जागी आधीपासून बसलेला जुना भाग बाहेर काढणं हेच खरं काम. आमची फोक्सवॅगन बीटल १९६०च्या दशकातली. मागचे ब्रेक, मग एक्झॉस्ट, मग दारं अशा क्रमाने काम करायचं ठरलं होतं. गाडी कितीतरी वर्षं एका जागी उभी होती, त्यामुळे खालच्या बाजूचा एकही नट सरळ सुटणार नाही याची कल्पना होती. घरी लिफ्ट नाही, कंप्रेसर नाही, हवेवर चालणारी गन नाही. सॉकेटचा संच, हातोडे, छोटा गॅस टॉर्च, ड्रिल, ग्राइंडर, दादाचं छोटं मिग वेल्डिंग मशीन आणि एक लांब जाड पाइप, एवढंच सामान. त्यावर सगळं सुटलं. हे सविस्तर लिहिते आहे, कारण मला जी माहिती हवी होती ती तुकड्यातुकड्यांत मिळाली आणि त्यातल्या काही युक्त्या चक्क धोक्याच्या होत्या.

ज्यांच्याकडून मी पाना धरायला शिकले ते एक वयस्कर मेकॅनिक आहेत, त्यांना मी काका म्हणते. जाम झालेला नट दाखवला की ते पहिला प्रश्न एकच विचारतात: "यातलं काय मेलं तरी चालेल?" या एका प्रश्नाने माझी कामाची पद्धतच ठरली. जाम झालेल्या प्रत्येक जोडात किमान दोन भाग असतात. नट आणि स्टड (म्हणजे डोकं नसलेला, आटे पाडलेला दांडा) असतील तर नट गेला तरी चालतो. स्टड आणि सिलिंडर हेड असेल तर स्टड गेला तरी चालतो, हेडचे आटे जाता कामा नयेत. ब्रेकचा पाइप आणि व्हील सिलिंडर दोन्ही नवे घालायचे असतील तर वाचवण्यासारखं तिथे काहीच नाही, मग तासभर तेल घालत बसण्यापेक्षा सरळ कापावं. बीटलच्या बाबतीत हा निर्णय सोपा होतो. जगभरात मिळून २ कोटी १५ लाखांहून जास्त बीटल बनल्या, शेवटची २००३ साली मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये, आणि म्हणून नट, ड्रम, मफलर असे बहुतेक भाग आजही नवे मिळतात. एखाद्या दुर्मीळ गाडीवर काम करत असाल तर गणित उलटं होतं. तिथे साधा वाटणारा ब्रॅकेटही वाचवावा लागतो.

गंज नट पकडून का ठेवतो हे एकदा समजून घेतलं की उपायही आपोआप कळतात. लोखंड गंजलं की ते आधीच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतं. आट्यांमधल्या अगदी बारीक फटीत ही वाढ झाली की तिथे पाचर मारल्यासारखं होतं. म्हणजे नुसता जोर लावून आपण त्या पाचरीशी भांडत असतो. तीन गोष्टी पाचर ढिली करतात: आत शिरणारं तेल, उष्णतेने होणारं प्रसरण आणि धक्के. जोर या तिन्हींच्या नंतर यायला हवा. ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या लोखंडी स्टडचं दुखणं वेगळं. तिथे दोन धातू आणि ओलावा मिळून ॲल्युमिनियमच झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आटे धरून बसते. ती तेलाने फारशी विरघळत नाही; तिथे उष्णता जास्त कामाला येते.

तेलाबद्दल. डब्याच्या फवाऱ्यातलं जे तेल सगळीकडे वापरतात ते, म्हणजे डब्ल्यूडी-४०, मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. हलक्या गंजाला ते पुरतं. आमच्याकडे ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मंनिम्म हे घरगुती मिश्रण वापरलं. ॲसिटोनमुळे तेल पातळ होऊन फटीत शिरतं, मग ॲसिटोन उडून जातं आणि तेल आत राहतं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, थोड्या वेळात थर वेगळे होतात, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच थेंब टाकायचे. ॲसिटोन रंग आणि बरंचसं प्लॅस्टिक खातं, आणि ते अतिशय ज्वालाग्राही आहे. ज्या दिवशी हे मिश्रण वापरलं त्या दिवशी टॉर्च पेटवायचा नाही, हा नियम मी पाळला. तेल टाकण्याआधी तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ करणं मात्र चुकवू नये. तेल वरच्या मातीतच मुरून गेलं तर आत काय जाणार? तेल टाकून हातोड्याने नटाच्या डोक्यावर छोटे छोटे ठोके दिले की ते आणखी खोल जातं. संध्याकाळी तेल, सकाळी तेल, मधे ठोके, असं दोन-चार दिवस चालू ठेवलं तर पुष्कळसे नट पुढे काहीही न करता सुटतात. घरी काम करणाऱ्याकडे गॅरेजपेक्षा जास्त असलेली एकच गोष्ट म्हणजे वेळ, आणि ती इथे वापरायची.

पाना लावल्यावर हाताला काय जाणवतं ते लिहून समजावणं अवघड आहे, तरी प्रयत्न करते, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. सुटणारा नट कर्रकन आवाज करतो, थोडा हलतो आणि पुन्हा अडतो. हा आवाज चांगला. तुटणारा स्टड आवाज करत नाही. तो मऊ लागतो. पाना फिरतो, पण जोर वाढत नाही, लोखंड हाताखाली पिळलं जातंय असं वाटतं. हे जाणवलं की त्या क्षणी थांबायचं, उलट घट्ट करून पूर्वजागी आणायचं आणि पुन्हा तेल किंवा उष्णतेकडे वळायचं. कर्रकन आवाज आलेल्या नटालाही एका दमात काढू नये. पाव फेरा सोडायचा, थोडा परत घट्ट करायचा, तेलाचा थेंब, पुन्हा पाव फेरा. सुटताना गंजाचे कण पुढच्या आट्यांत दाटतात आणि अर्ध्यावर आलेला नट तिथेच चिकटतो. मागेपुढे केल्याने ते कण बाहेर पडतात. सुरुवातीलाही सोडण्याच्या दिशेने जोर लावण्याआधी मी नट किंचित घट्ट करून पाहते. गंजाची पकड कोणत्याही दिशेने तुटली तरी चालते.

पहिलं मोठं काम मागच्या ड्रमचं. बीटलच्या मागच्या ॲक्सलवरचा ३६ मिलिमीटरचा नट प्रसिद्ध आहे, आणि त्याला कारणही आहे: तो कंपनीच्या आकड्याप्रमाणे २१७ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २९४ न्यूटन-मीटर किंवा ३० किलोग्रॅम-मीटर इतका घट्ट केलेला असतो. वर्षानुवर्षांचा गंज त्यात धरला तर सोडायला याच्या कितीतरी पट जोर लागू शकतो. बरेच जण या नटाच्या खाचेत छिन्नी ठेवून हातोडा मारतात. नट सुटतोही, पण खाचा चेपतात, कधी ॲक्सलचे आटे दुखावतात, आणि लोखंडाची किरच उडून डोळ्यात जाऊ शकते. ॲक्सल हा वाचवायचा भाग आहे, म्हणून छिन्नी आम्ही बाजूलाच ठेवली.

नट सोडताना गाडी जमिनीवरच हवी, चाक लावलेलं हवं. घोड्यांवर, म्हणजे गाडी उचलून ठेवायच्या लोखंडी स्टँडवर, असलेल्या गाडीला इतका जोर लावला तर ती घोड्यांवरून खाली येऊ शकते. चाकाच्या मधल्या भोकातून नटापर्यंत सॉकेट पोचतं. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, चाकांना अडसर लावले. इथे एक बारीक गोष्ट आहे. मागचे दोन्ही नट नेहमीच्याच आट्यांचे, घड्याळाच्या उलट दिशेने सुटणारे. त्यामुळे डावीकडचा नट सोडताना गाडी पुढे सरकू पाहते आणि उजवीकडचा सोडताना मागे. अडसर त्या हिशेबाने लावायचा. नंतर स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून आणि ॲक्सलच्या भोकातून घातलेली दुहेरी तार. ती इतकी गंजली होती की पकडीने ओढल्यावर तिचे कानच तुटले असते. पिनवरच दोन दिवस तेल सोडलं, पातळ पंचने मागून ठोकून ती थोडी मागेपुढे केली आणि मग सरळ रेषेत ओढली. पिनचा तुकडा भोकात राहिला तर नट फिरताना तो आटे ओरबाडतो, म्हणून इथे घाई परवडत नाही.

सॉकेट पाऊण इंची चौकोनाचं घेतलं. अर्ध्या इंचाचा दांडा इतक्या जोराला तुटतो, आणि तुटताना त्यावर भार देणारा माणूस पडतो. दांड्यावर दीड मीटरचा पाइप घातला. हिशेब साधा आहे: पाइपच्या टोकाशी ६० किलोचा भार दिला तर ९० किलोग्रॅम-मीटर मिळतात, म्हणजे नट घट्ट करताना वापरलेल्या जोराच्या तिप्पट. लांब पाइपमुळे सॉकेट वाकडं होऊन निसटण्याची शक्यता असते. त्यासाठी दांड्याच्या डोक्याखाली एक घोडी ठेवून तिथे आधार दिला; मग सगळा जोर फिरवण्यातच जातो. पाइप आडवा, जमिनीच्या किंचित वर, आणि भार वरून खाली. वर ओढत बसू नये, कंबर धरते. दादा म्हणाला, "तू भार दे, मी सॉकेटवर नजर ठेवतो. मी थांब म्हटलं की थांब." मी पाइपच्या टोकावर हळूहळू भार वाढवत गेले. झटका दिला नाही. डावा नट गोळी सुटल्यासारखा आवाज करून सुटला. उजवा हलला नाही. त्यावर टॉर्चने फक्त नटाच्या सहा बाजू तापवल्या, मागचं ऑइल सील तापू नये म्हणून थोडाच वेळ, आणि लगेच भार दिला. तो सुटला.

पुढच्या चाकांकडे वळणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच लिहून ठेवते. बीटलच्या पुढच्या डाव्या चाकाच्या ॲक्सलवर उलटे आटे असतात. तो नट घड्याळाच्या दिशेने सुटतो. दीड मीटरच्या पाइपने चुकीच्या दिशेला भार दिला तर काय होईल हे सांगायला नको. कोणत्याही जुन्या गाडीवर पाइप लावण्याआधी आट्यांची दिशा डोळ्यांनी पाहून घ्यावी. दोन-तीन आटे बाहेर डोकावत असतातच.

नट सुटला म्हणजे ड्रम सुटला असं नाही. ड्रम ॲक्सलच्या दातेरी भागावर गंजाने बसलेला असतो आणि शिवाय आतून ब्रेक शूने, म्हणजे ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांनी, धरलेला असतो. वर्षानुवर्षं घासून ड्रमला आत खोलगट पट्टा पडतो, कडेला उंच काठ राहतो, आणि शू त्या पट्ट्यात अडकून बसतात. म्हणून आधी हँडब्रेक सोडायचा, मग ड्रमच्या तोंडावरच्या भोकातून दातेरी ॲडजस्टर स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून शू आत घ्यायचे. हे न करता ड्रम ओढत राहिलं तर शूच्या स्प्रिंग आणि पिना उपटून येतात.

ड्रम ओढून काढायचं साधन, म्हणजे पुलर, विकत न आणता आम्ही बनवला. या ड्रमवर चाकाचे पाच बोल्ट २०५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. जाड लोखंडी पाटीत त्या मापाची पाच भोकं पाडली, मध्यभागी आटे पाडून मोठा बोल्ट घातला. पाटी ड्रमला बोल्टने आवळायची आणि मधला बोल्ट ॲक्सलच्या टोकावर दाबत न्यायचा. ॲक्सलच्या टोकाशी एक जाड वॉशर ठेवला म्हणजे मधलं भोक बिघडत नाही. त्याआधी ॲक्सलचा नट काही आट्यांवर परत फिरवून ठेवला. ताणाखाली असलेला ड्रम सुटतो तेव्हा उडतो. नट त्याला अडवतो. हीच काळजी निमुळत्या ॲक्सलवर बसणाऱ्या हबना आणि फ्लायव्हीलना तर दुप्पट लागू आहे, त्यांची उडी जबर असते.

बोल्ट आवळत गेलो तसा ड्रम हलला नाही, पण पाटी वाकू लागली. तिथे थांबलो. ताण तसाच ठेवून ड्रमच्या हबभोवती सगळीकडून हातोड्याने ठोकलं. पुलरच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर मी जोरात मारलं नाही, कारण तो धक्का ॲक्सलमधून थेट गिअरबॉक्समध्ये जातो आणि गिअरबॉक्स हा वाचवायचा भाग. हबवर ठोकायचं, थोडं तेल, बोल्टला आणखी पाव फेरा, आणि सोडून द्यायचं. रात्रभर ताणाखाली ठेवला. सकाळी पहिल्याच ठोक्याला ड्रम सुटून पुढच्या नटावर आदळला. ताण, धक्का आणि वेळ हे तीन एकत्र आले की किती कमी जोर पुरतो, ते त्या सकाळी माझ्या लक्षात आलं आणि पुढचं सगळं काम मी त्याच क्रमाने केलं.

ड्रम उघडल्यावर आतली भुकटी फुंकू नका, हवेने उडवू नका. त्या काळच्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असे. तोंडाला चांगला मास्क लावून पाण्याचा बारीक फवारा मारायचा, ओल्या कापडाने पुसायचं आणि ते कापड पिशवीत बांधून टाकायचं. जुनी गाडी घरी उघडणाऱ्या सगळ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण यातलं नुकसान लगेच दिसत नाही.

ब्रेकच्या पाइपचा नट मऊ लोखंडाचा असतो आणि साध्या पान्याने लगेच गोल होतो. आमचे पाइप नवे घालायचेच होते, म्हणून नटाच्या अगदी जवळ पाइप कापला आणि मग उरलेल्या नटावर सहा कोनांचं खोल सॉकेट बसवलं. सॉकेट सहाही बाजूंनी धरतं, नट गोल होत नाही. तो सरळ निघाला. पाइप वाचवायचा असेल तर पाइपच्या नटासाठी असलेला उघड्या तोंडाचा रिंग पाना लागतो, दुसरा उपाय नाही. व्हील सिलिंडरचे, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्यांचे, पिस्टन गंजून आत बसले होते. सिलिंडर पुन्हा वापरायचे नसले तरी आतून काय स्थितीत आहेत ते पाहायचं होतं. ब्लीडरच्या (हवा काढायच्या स्क्रूच्या) जागी ग्रीस भरायचं तोंड, म्हणजे ग्रीस निपल, बसवला, पाइपचं भोक बोल्टने बंद केलं आणि ग्रीस गनने ग्रीस भरलं. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन सावकाश, आवाज न करता बाहेर येतो. हवेच्या दाबाने काढलेला पिस्टन बंदुकीच्या गोळीच्या वेगाने येतो, बोटं तोडू शकतो. ग्रीस नंतर पूर्ण धुवून काढावं लागतं, त्याने ब्रेकचे रबर फुगतात.

एक्झॉस्टचं काम सगळ्यात नाजूक. बीटलचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आणि मफलर धरणारे स्टड ८ मिलिमीटरचे लोखंडी. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन, पाणी उडून हे नट इतके कुजतात की त्यांचे सहा कोनही राहत नाहीत. इथे वाचवायचं हेड, जमलं तर स्टड, आणि नट मरू द्यायचा. ज्या नटांना कोन शिल्लक होते त्यांच्यावर किंचित लहान सॉकेट हातोड्याने ठोकून बसवलं. ज्यांना नव्हते, तिथे ग्राइंडरच्या पातळ चकतीने नटाची एक बाजू जवळपास आट्यांपर्यंत कापली आणि त्या फटीत छिन्नी घालून नट उकलला. स्टडला धक्का न लागता नट फाटून आला.

उरलेल्यांवर उष्णता. २०० अंश सेल्सियसने तापवलेल्या नटाचं ८ मिलिमीटरचं भोक जेमतेम ०.०२ मिलिमीटरने रुंद होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड तोडायला तेवढं पुरतं. म्हणून नट पटकन तापवायचा, स्टड तापण्याआधी. नट तापला की टॉर्च बाजूला करायचा, ज्योत नसताना साध्या मेणबत्तीचं मेण आट्यांच्या तोंडाशी टेकवायचं. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि नट सुटताना वंगण होतं. फार तापलेल्या लोखंडावर मेण पेट घेतं, म्हणून धूर निघाला तर थांबावं. माझ्या मते या सगळ्या घरगुती युक्त्यांमध्ये मेणाची युक्ती सर्वांत गुणी आहे. तीत घाण नाही, आणि कित्येक ठिकाणी तेलाने जे आठ दिवसांत झालं नव्हतं ते तिने एका तापवण्यात केलं.

टॉर्चबद्दल मात्र कडक शिस्त हवी. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांना इशारा मिळत नाही. बीटलच्या इंजिनाचं क्रँककेस, म्हणजे खालचं मुख्य कवच, तर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. ते पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. म्हणून आम्ही इंजिन बाहेर काढून, हेड सोडवून, बाकावर ठेवून मगच स्टडवर ज्योत धरली. शेजारी कोरड्या वाळूची बादली. आणखी एक गोष्ट: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने भाग धुतला असेल तर तो पूर्ण कोरडा होईपर्यंत त्यावर ज्योत किंवा वेल्डिंग नको. त्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो.

दोन स्टड हेडच्या पातळीवर तुटलेलेच होते, आधीच्या कुणाच्या तरी हातून. तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालणं ही सगळ्यांना सुचणारी युक्ती, पण मला ती पटत नाही. एक्स्ट्रॅक्टर कठीण पोलादाचा असतो, आत तुटला तर ड्रिल त्याला लागू पडत नाही, आणि पाचरीसारखा आत जाऊन तो स्टडला बाहेरच्या बाजूला आणखी फुगवतो. आम्ही वेल्डिंग केलं. स्टडच्या तोंडावर वेल्डने छोटी गाठ उभी केली, त्यावर झिंक नसलेला साधा नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड भरला. झिंकचा मुलामा असलेल्या नटाचा धूर बाधतो. यातला जोडण्याचा भाग दुय्यम आहे. खरं काम वेल्डची उष्णता करते, थेट स्टडच्या गाभ्यात. लाली गेली, मेण लावलं, कोमट होईपर्यंत थांबलो आणि पाना लावून मागेपुढे, मागेपुढे. एक स्टड पहिल्या नटाबरोबर आला. दुसऱ्यावरचा नट तुटत राहिला आणि दादा पुन्हा पुन्हा नवा नट वेल्ड करत राहिला. प्रत्येक वेळी स्टड तापून थंड होत होता, म्हणजे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानेही पकड थोडी ढिली होत होती. हेडभोवतीचं ॲल्युमिनियमही टॉर्चने थोडं तापवलं, पाण्याचा थेंब चुरचुरून उडेल इतपतच. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं. शेवटी तो स्टड आला, आटे शाबूत ठेवून. मी टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, भोकात फिरवून पाहिला, सगळीकडे सरळ गेला. त्या वेळी झालेला आनंद अजून आठवतो.

छोटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, कडी, ब्रॅकेट, जे आधीच बाहेर आले होते पण एकमेकांत गंजून बसले होते, ते इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढायला, टाकले. प्लॅस्टिकची बादली, पाणी, धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा जुना साधा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला. स्टेनलेस स्टील कधीही धन टोकाला लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून बादली उघड्या हवेत. स्प्रिंग आणि उच्च ताणाचे बोल्ट यात टाकू नयेत, हायड्रोजनने ते ठिसूळ होऊ शकतात.

दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू शेवटी घेतले. चौफुलीच्या खाचेचे मोठे स्क्रू, रंगाच्या थरांनी भरलेले, खांबात बसवलेल्या आटेदार पट्टीत घट्ट. काढण्याआधी बिजागरीभोवती टोकदार सळईने रेघ ओढून ठेवली, म्हणजे दार परत त्याच जागी बसतं. खाचेतला रंग सुईने कोरून काढला, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली, तिचे कण खाचेत पकड घेतात. मग हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो ठोक्याबरोबर स्क्रू आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, त्यामुळे टोक खाचेतून उसळत नाही. पहिले काही ठोके घट्ट करण्याच्या दिशेने, मग उलट. ज्या स्क्रूची खाच आधीच गेली होती त्यांचं फक्त डोकं ड्रिलने कापलं. डोकं गेलं की बिजागरी सुटते, आणि ताण संपल्यामुळे उरलेला दांडा कित्येकदा साध्या पकडीने फिरतो. आमच्याकडे सगळे तसेच फिरले.

परत जोडताना मफलरच्या स्टडवर तांब्याचं अँटी-सीझ, म्हणजे आटे पुन्हा जाम होऊ न देणारी पेस्ट, लावलं आणि तांब्याचा मुलामा असलेले नट घातले. वंगण लावलेले आटे कमी जोरात जास्त घट्ट होतात, म्हणून तिथे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, थोडा कमी ठेवला. मागच्या ॲक्सलच्या नटाला मात्र पूर्ण ३० किलोग्रॅम-मीटर हवेत, आणि एवढं मोजणारा टॉर्क पाना घरी नव्हता. माझं वजन ६० किलो. दांडा आडवा राहील असा लावला, नटाच्या मध्यापासून ५० सेंटीमीटरवर खडूने खूण केली आणि दादाच्या खांद्याचा नुसता तोल सांभाळण्यापुरता आधार घेत त्या खुणेवर सावकाश उभी राहिले. दांडा खाली गेला की परत आडवा लावायचा, पुन्हा उभं राहायचं, नट हलायचा थांबेपर्यंत. पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे घ्यायचा नसतो, पुढच्या खाचेपर्यंत आणखी घट्ट करायचा असतो. डावीकडे तसं करावं लागलं, उजवीकडे भोक लगेच जुळलं. दोन्हींत नव्या पिना घातल्या.